जर्दाळू, बटर आणि 'मस्त झालीय रे!'

परवा शनिवारची गोष्ट. पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीत आम्ही चौघं बसलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तक्रार त्या जागेबद्दल नाही, आमच्या टेबलाबद्दल आहे. समोर लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास. प्रत्येकातला घोटभर पिऊन ठरवायचं की मोठा ग्लास कशाचा मागवायचा. तिसऱ्या ग्लासात आयपीए होती. आमच्यातल्या सगळ्यात तरुण मेंबराने (वय २४, टेस्टिंग टीममध्ये आहे, विनोद करून झालेले आहेत) एक घोट घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं,

"अ‍ॅप्रिकॉट. थोडं पाइन. आणि शेवटी स्टोन फ्रूट."

मी विचारलं, "अ‍ॅप्रिकॉट खाल्लायस कधी?"

"ऑफकोर्स. म्हणजे... जॅममध्ये असेल."

"म्हणजे जर्दाळूसारखी लागतेय?"

"छे रे! जर्दाळू कुठून येणार बीअरमध्ये?"

तर लोकहो, अ‍ॅप्रिकॉट म्हणजे जर्दाळूच. दिवाळीत सुक्यामेव्याच्या खोक्यात येतो आणि शेवटपर्यंत कुणी खात नाही, तोच. टेबलाखाली त्याच्या मोबाइलवर त्या बीअरचे रिव्ह्यू उघडे होते हे मला नंतर दिसलं.

मी त्याला हसलो नाही. कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच करत होतो. आणि याहून वाईट एक गोष्ट मी केलीय, ती पुढे सांगतो. पण आज मला भांडायचंय. बीअर पिण्याशी नाही, ती ज्याची त्याने प्रमाणात प्यावी. मला भांडायचंय ते प्यायल्यावर आपण जे बोलतो त्याच्याशी. कारण आपण चक्क खोटं बोलतो. ते सुद्धा दोन प्रकारे. एक म्हणजे दुसऱ्याच्या जिभेचे शब्द आपल्या तोंडात घालतो. आणि दुसरं म्हणजे मित्राने स्वतःच्या हाताने केलेली बीअर समोर ठेवली की 'मस्त झालीय रे' म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की हे दोन वेगळे आजार नाहीत, एकच आहे. दोन्हीकडे आपल्या जिभेला काय कळलं हे सोडून बाकी सगळं आपण सांगतो.

आधी उसन्या शब्दांचं बघू.

बीअरबद्दल बोलायची ही जी भाषा आहे ती काही आकाशातून पडलेली नाही. मायकल जॅक्सन नावाचा एक इंग्रज पत्रकार होता (नाचणारा नव्हे, हा दाढीवाला, १९४२ ते २००७). त्याने १९७७ साली 'द वर्ल्ड गाइड टू बीअर' हे पुस्तक काढलं. जगभरच्या बीअर हिंडून, पिऊन, त्यांची घराणी लावून दाखवली. साधारण त्याच सुमारास मॉर्टन माइलगार्ड हा डॅनिश शास्त्रज्ञ बीअरच्या चवींचं एक चक्र तयार करत होता. १९७९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १४ वर्ग आणि त्यात शंभरावर शब्द. युरोप-अमेरिकेतल्या बीअरतज्ज्ञांच्या संघटनांनी ते मान्य केलं, आणि आज जगात कुठेही कुणी बीअरचं परीक्षण करत असेल तर त्याच्या मुळाशी कुठेतरी ते चक्र असतं.

या दोघांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण एक लक्षात घ्या. त्यांनी जे शब्द वापरले ते त्यांच्या अंगणातले होते. ज्या माणसाने लहानपणी पाइनच्या जंगलात दंगा केलाय, सकाळी नाश्त्याला अर्धं ग्रेपफ्रूट चमच्याने खाल्लंय, तो 'पाइन' आणि 'ग्रेपफ्रूट' म्हणतो तेव्हा त्याला ते खरंच दिसत असतं. आपण म्हणतो तेव्हा? आपल्यापैकी बहुतेकांची पाइनच्या वासाशी ओळख फरशी पुसायच्या फिनाइलमधून झालेली आहे. त्या शनिवारच्या मेंबराला मी विचारलं असतं की 'म्हणजे फिनाइल का रे?' तर तो उठून गेला असता.

सगळ्यात भारी उदाहरण स्कंकचं. बीअरला ऊन लागलं की हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि एक गंधकयुक्त घाण वास तयार होतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत हे लवकर होतं, तपकिरी बाटलीत कमी. अमेरिकन लोक याला 'स्कंकी' म्हणतात, कारण स्कंक हा प्राणी शेपटी वर करून अगदी असाच फवारा मारतो. आता स्कंक भारतात नसतोच! तरी आपली मंडळी बिनदिक्कत 'थोडी स्कंकी आहे' म्हणतात. मला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा हिंगाच्या डबीचं झाकण उघडून नाक आत घातल्यासारखं वाटलं होतं. पण मी तसं म्हणालो नाही. स्कंकीच म्हणालो. आपल्या भाषेत सांगायचं तर मी एक व्हेरिएबल वापरत होतो ज्यात कधी काही भरलंच नव्हतं. कंपाइल होतं, चालतंही, फक्त आउटपुटला अर्थ नसतो.

यातला खरा नुकसानीचा भाग पुढे आहे. उसना शब्द नुसता पोकळ नसतो, तो आपला भरलेला शब्द बाजूला सारतो.

आयपीएमधल्या हॉप्सचा तो जो वास येतो ना, त्यातलं एक मुख्य द्रव्य म्हणजे मर्सीन. हॉप्सच्या तेलात ते भरपूर असतं. आणि आणखी कशात असतं माहितीय? आंब्याच्या चिकात. झाडावरून नुकती उतरवलेली कैरी, देठ मोडल्यावर जो चीक उडतो आणि हाताला वास राहतो, तो आठवा. मे महिन्यात आजोळी गेलेल्या प्रत्येक पोराच्या नाकात तो वास बसलेला आहे. आता परत आयपीएचा ग्लास नाकाशी धरा. सापडला? म्हणजे 'कैरीच्या देठाचा चीक' हे वर्णन नुसतं काव्य नाही, रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. आणि आम्ही काय म्हणतो? पाइन.

ग्रेपफ्रूटचंही तेच. ते मुळात पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून झालेलं फळ. पपनस आपण ओळखतो. कोकणात गणपतीपुढे ठेवतात, सोलताना पांढरी जाड साल निघते, गर गुलाबी आणि कडवट-आंबट. अमेरिकेतला कॅस्केड नावाचा हॉप्सचा वाण १९७२ साली बाजारात आला आणि त्याच्या वासावर तिथली अख्खी क्राफ्ट बीअरची चळवळ उभी राहिली. त्याचं वर्णन करायला पपनसासारखा शब्द नाही. पण तो मेन्यूवर कधी छापलेला दिसणार नाही.

'मँगो' लिहिलेलं असतं ते तर मला पाठच झालंय. कुठला मँगो भाऊ? हापूस, पायरी, रायवळ की तोतापुरी? ज्याला सुपरमार्केटातला एकच लालसर, धाग्याधाग्यांचा आंबा माहीत आहे त्याला 'मँगो' पुरतो. आपल्याला कसा पुरेल? जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमध्ये यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आपण म्हणतो 'बनाना'. पण वेलची केळं की राजेळी? नुकतं पिकलेलं की साल काळी पडलेलं, फळवाला उरलेलं स्वस्तात देतो ते? हा प्रश्न पांचट वाटला तरी पांचट नाही. साधारणपणे त्या यीस्टला जास्त उबेत आंबवलं की केळं वाढतं, थंडाव्यात ठेवलं की लवंग पुढे येते. म्हणजे 'साल काळी पडलेलं केळं' असं सांगितलंत तर बनवणाऱ्याला टाकीच्या तापमानाबद्दल काहीतरी कळतं. 'नोट्स ऑफ बनाना' म्हणालात तर त्याच्या मेन्यूवर छापलेलंच वाक्य तुम्ही त्याला परत वाचून दाखवलंत.

बेल्जियन विटबीअरमध्ये संत्र्याची साल आणि कोरिअँडर असतं. ही पद्धत जवळपास मेली होती. पिएर सेलिस नावाच्या माणसाने हुगार्डन गावात १९६६ साली ती पुन्हा सुरू केली. हे सगळं आमच्या टेबलावरच्या दोघांना पाठ आहे. पण 'कोरिअँडर' म्हणजे घरी डब्यात असतात ते धने, हे म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. धने म्हटलं की गोडा मसाला आठवतो, आणि दीड तासापूर्वी ऑर्डर केलेल्या महागड्या ग्लासाची इज्जत जाते.

आणि माल्ट! मोड आणून भाजलेलं धान्य. मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व खाऊनच आपल्यातले अर्धे लोक मोठे झालेत. हॉर्लिक्स म्हणजे तरी काय? माल्ट. 'ब्रेडी, बिस्किटी माल्ट बॅकबोन' असं लिहिण्यापेक्षा 'हॉर्लिक्सचा चमचा कोरडाच तोंडात टाकल्यासारखं' असं लिहा. पुण्यापासून पाटण्यापर्यंत कुणालाही कळेल.

आता इथे कुणीतरी म्हणणार, की हा मराठी बाणा झाला. नाही हो. हा मराठी दिनाचा लेख नाही. 'बीअर'ला 'यवसुरा' म्हणा असं मी सांगत नाहीये. नागपूरच्याला संत्रं दिसू दे, रत्नागिरीच्याला रातांबा दिसू दे, बंगलोरला वाढलेल्याला फिल्टर कॉफी दिसू दे. खरोखरच ओरेगनात वाढलेल्याला पाइन दिसू दे. माझी अट एकच: ज्याचं नाव घेताय ते कधीतरी नाकातोंडात गेलेलं असावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो माझ्यातला इंजिनिअरच घेतो. स्टँडर्ड नको का? प्रत्येकाने आपापल्या आजोळच्या आठवणी सांगितल्या तर दोन माणसांचं बोलणं जुळणार कसं? बरोबर. स्टँडर्ड हवंच. विशेषतः दोषांच्या बाबतीत. पण माइलगार्डचं चक्र वापरणारे लोक शब्द पाठ करून थांबत नाहीत, वास पाठ करतात. परीक्षकांच्या प्रशिक्षणात साध्या बीअरमध्ये तो तो दोष मुद्दाम मिसळून हुंगायला देतात. हे डायअसिटिल, हे डीएमएस. मग नाव लक्षात ठेवायचं. आधी वस्तू, मग शब्द. आपण उलटं करतो. आणि गंमत म्हणजे हे दोष ओळखायला लागणाऱ्या वस्तू आपल्या घरात पडलेल्या आहेत. डीएमएस म्हणजे उकडलेल्या मक्याच्या कणसाचं पाणी. माल्टचं पाणी झाकण न ठेवता खळखळून उकळलं नाही की हा वास राहतो. हवा लागून जुनी झालेली बीअर म्हणजे ओला पुठ्ठा. पावसाळ्यात दप्तरात भिजून वाळलेली वही हुंगलीय ना? तीच. धान्याची टरफलं फार गरम पाण्याने धुतली की त्यातलं टॅनिन उतरतं, त्याला इंग्रजीत 'अ‍ॅस्ट्रिंजंट' म्हणतात आणि तो शब्द समजावून सांगायला ते वापरलेली टी-बॅग चोखायला लावतात. आपल्याकडे तुरट हा सहा रसांतला एक रस आहे! जांभूळ खाल्लेल्या पोराला तो कळतो.

बरं, आधी वाचून मग चव घेतली तर काय बिघडतं? बरंच. बोर्दो विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. डोळ्यांनी सांगितलं आणि नाकाने मान डोलावली. बीअरवरचा प्रयोग त्याहून मजेदार आहे. अमेरिकेत केंब्रिजच्या पबमध्ये लोकांना दोन बीअर दिल्या, एकीत बाल्समिक व्हिनेगरचे थेंब टाकले होते. ज्यांना आधी सांगितलं की यात व्हिनेगर आहे त्यांना ती कमी आवडली. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांना बऱ्यापैकी आवडली. आणि ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितलं त्यांचं मत न सांगितलेल्यांसारखंच राहिलं, फारसं बदललं नाही. हे २००६ चं संशोधन. याचा सरळ अर्थ असा की आधी मिळालेली माहिती आपली चवच बदलते, नंतर मिळालेली बदलत नाही. म्हणजे रिव्ह्यू वाचायचाच असेल तर ग्लास संपल्यावर वाचा.

*

आता ती वाईट गोष्ट.

मी ऑनसाइट होतो. ओरेगन, पोर्टलंडच्या पश्चिमेला, जिथे पावसापेक्षा इंजिनिअर जास्त आहेत. तिथे आमचा एक मित्र होता, त्याला आपण बुवा म्हणू. बुवाने गॅरेजमध्ये बीअर करायला घेतली. अमेरिकेत हे कायदेशीर आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि तेव्हापासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन करता येते. विकायची मात्र नाही. म्हणजे करायची ती प्यायला आणि पाजायला. पाजण्याचं महत्त्व किती? २०१० साली ओरेगनमध्ये कायद्याचा असा अर्थ लावला गेला की घरची बीअर घराबाहेर नेऊन दुसऱ्याला पाजता येणार नाही. त्या वर्षी राज्याच्या जत्रेतली घरगुती बीअरची स्पर्धाच रद्द झाली. लोकांनी इतका आवाज उठवला की पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला. एका घोटासाठी नव्हे, एका मतासाठी. दुसऱ्याच्या जिभेला काय लागतं हे कळल्याशिवाय घरी बीअर करण्यात अर्थ नाही, हे त्या लोकांना माहीत होतं.

बुवाने थंडीत लागर केली. गॅरेज आपोआप १० अंशांवर, त्यामुळे फ्रिजचा खर्च वाचला. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर, पन्नासेक बाटल्या. फेब्रुवारीत सुपर बाउलच्या दिवशी आठ-दहा मराठी घरं जमली. (त्यातल्या एकालाही तो खेळ कळत नव्हता.) बुवाने बाटल्या काढल्या. ग्लासात ओतून सगळ्यांच्या हातात दिल्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

मी घोट घेतला. बटर. हलकं नाही, मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवर ओततात तसं पिवळंधमक बटर. जिभेवर एक तेलकट थर. मी शेजारच्याकडे पाहिलं, त्यानेही माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

"मस्त झालीय रे बुवा!" शेजारचा म्हणाला.

"एकदम प्रोफेशनल," मी म्हणालो. वर अक्कल पाजळायला, "क्रिस्प फिनिश आहे" हे सुद्धा म्हणालो. रिव्ह्यूंमध्ये लागरबद्दल हे नेहमी लिहिलेलं असतं ना.

बुवा खूश. त्याने त्याच पद्धतीने आणखी दोन बॅच केल्या. सगळ्या आम्हीच संपवल्या, दर वेळी मस्त म्हणत. मग वसंतात त्याने एका स्पर्धेला बाटल्या पाठवल्या. तिथे पन्नासपैकी गुण देतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातली जाणीव ५, एकंदर मत १०. बुवाला २४ मिळाले. दोन्ही परीक्षकांनी, दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर, एकच शब्द लिहिला होता. डायअसिटिल.

हे बटर येतं कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा इथेच आहे. यीस्ट साखर खाताना एक द्रव्य बाहेर टाकतं, त्याचं पुढे डायअसिटिल होतं. शेवटी शेवटी यीस्टच ते परत आत घेऊन नाहीसं करतं. आपली घाण आपणच आवरणारा असा सद्गुणी जीव! फक्त त्याला वेळ आणि थोडी ऊब लागते. म्हणून लागर करणारे शेवटी दोन-तीन दिवस तापमान १८ अंशांच्या आसपास नेतात. बुवाने काम होत आलंय असं बघून बाटल्या भरायची घाई केली. तीन दिवसांची गोष्ट होती. पहिल्या बॅचनंतर कुणी एकाने 'बटर लागतंय रे' म्हटलं असतं तर दुसऱ्या बॅचला विषय संपला असता.

बुवा कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "तुला कळलं होतं?"

मी गप्प.

"अरे, मला तो वास येतच नाही. माझ्या नाकाला डायअसिटिल कळतच नाही हे मला आज कळतंय. काही लोकांचं असतं म्हणे तसं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं ना मी. मला माझी चव माहीत आहे, तुमची पाहिजे होती."

चिडला नाही तो. चिडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पडलेला प्रकाश असा की बुवाला आमचं कौतुक नको होतं, आमची जीभ उसनी हवी होती. ती एकच गोष्ट त्याच्याकडे नव्हती आणि आमच्याकडे फुकट होती. दीडशे बाटल्या पिऊन आम्ही ती दिली नाही. कोड रिव्ह्यूला पाठवलेल्या फाइलवर न वाचता 'लुक्स गुड टू मी' लिहिणारा जो सहकारी असतो, ज्याला आपण पाठीमागे शिव्या घालतो, तो मीच होतो. फरक इतकाच की मी फाइल वाचली होती, बग पाहिला होता, आणि तरी गप्प बसलो होतो.

हे करताना आपण स्वतःला काय सांगतो? 'त्याने एवढ्या हौसेने केलंय, कशाला मन दुखवा.' ही सभ्यता नाही. ही आळशी सभ्यता आहे. त्यात मित्राचं मन सांभाळण्यापेक्षा आपली अडचण टाळणं जास्त असतं.

आणि असं नाही की खरं बोलणं आपल्या संस्कृतीत नाही! मराठी घरात रोज दोन वेळा टेस्टिंग सेशन होतं. ताटावर बसल्या बसल्या बाबा म्हणतात, "आज आमटीत मीठ जरा सैल हाताने पडलंय." आजी म्हणते, "फोडणी करपली." काका म्हणतात, "लोणचं अजून मुरलं नाही." कुणी रडत नाही, उद्याची आमटी नीट होते. (ती करणाऱ्या बाईला एवढं बोलून घेणारे लोक बीअरपुढे एकदम संत कसे होतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) शब्दांचं तर भांडारच आहे: पाणचट, सपक, मिळमिळीत, खरपूस, करपट, आंबूस, कुबट, कडसर, तुरट, दाट, चव जुळून आलीय, घशाला लागतेय, जिभेवर रेंगाळतेय. आणि 'मुरणं'! लागर महिनाभर थंडाव्यात ठेवतात ते कशासाठी? मुरायला. या एका क्रियापदासाठी इंग्रजी बीअरवाल्यांनी अख्खा परिच्छेद खर्च केलेला मी पाहिलाय. हे सगळं घरात ठेवून आपण बाहेर जातो आणि म्हणतो काय, तर 'नाइस, क्रिस्प.'

इथे पुण्यात बुवासारखं गॅरेज कुणाला थाटता येणार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तो उद्योग डोक्यातून काढा. पण २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याला एक वेगळी सोय मिळालीय. मायक्रोब्रूअरीत बीअर बनवणारा माणूस काचेपलीकडे, टाकीशेजारी उभा असतो. त्याची पुढची बॅच दोन-चार आठवड्यांत येणार असते. कारखान्याच्या बाटलीला तुम्ही काही सांगू शकत नाही, याला सांगू शकता. आणि आपण काय करतो? वेटर विचारतो, "कशी वाटली सर?" आपण म्हणतो, "गुड, गुड." मग कॅबमध्ये बसून मोबाइलवर दोन तारे देतो आणि लिहितो 'नॉट अप टू द मार्क.' तोंडावर खोटं, पाठीमागे निरुपयोगी. ज्याला सांगायला हवं त्याला नेमकं काय बिघडलं ते कधीच कळत नाही.

तर फार उपदेश न करता, मी स्वतःला घालून घेतलेले नियम देतो. पटले तर घ्या.

१. पहिला घोट मोबाइल खिशात ठेवून. मेन्यूवरचं वर्णनही नंतर.

२. ज्या वस्तूचं नाव घ्यायचं ती कधीतरी खाल्लेली, प्यायलेली किंवा निदान हुंगलेली असली पाहिजे. फिनाइल वाटलं तर फिनाइल म्हणायचं.

३. 'मस्त' आणि 'बेकार' हे शब्द चालतील, पण त्यांच्यापुढे 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे.

४. दोष सांगायचा तो बनवणाऱ्याला, समोर, हळू आवाजात. सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा नाही. तिथे शहाणपणा मिरवणं हा पुन्हा उसन्या जिभेचाच प्रकार.

५. तिसऱ्या मोठ्या ग्लासानंतर मत देऊ नये. ते मत तुमचं नसतं. (आणि गाडी तर अजिबात चालवू नये, हे सांगायला लागू नये.)

बुवाचं पुढे काय झालं? पुढच्या थंडीत त्याने परत लागर केली. यावेळी बाटल्या भरायच्या आधी दोन नमुने काढले. एक तसाच ठेवला, दुसरा झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवला आणि मग थंड केला. बटर लपून बसलं असेल तर अशा गरम केलेल्या नमुन्यात ते बाहेर येतं. दोन्ही ग्लास त्याने बायकोच्या नाकाशी धरले, कारण तिचं नाक तयार होतं आणि लग्नामुळे खरं बोलायला ती मोकळी होती. ती म्हणाली, "दुसऱ्याला थोडा येतोय अजून, थांब दोन दिवस." तो चार दिवस थांबला.

भारतात परतायच्या आधल्या आठवड्यात त्याने मला त्यातली एक बाटली दिली. परत भिंतीला टेकून उभा. मी घोट घेतला, वेळ घेतला.

"बटर गेलं," मी म्हणालो. "भाकरीच्या पापुद्र्यासारखं काहीतरी छान लागतंय. पण मागे... ओला पुठ्ठा आहे रे थोडा. भिजलेल्या वहीसारखा. बाटलीत भरताना हवा गेली असेल."

बुवा काही बोलला नाही. ड्रॉवर उघडून वही काढली, पेन शोधलं.

"भिजलेली वही," त्याने लिहिलं. मग विचारलं, "पहिल्या घोटाला की गिळल्यावर?"

असा प्रश्न मला 'क्रिस्प फिनिश' म्हटल्यावर कुणी कधी विचारला नव्हता.

असो. पुढच्या शनिवारी त्या टेस्टिंगवाल्या मेंबराला जर्दाळू घेऊन जाणार आहे. आधी खायला घालतो, मग ग्लास देतो. तरीही त्याला अ‍ॅप्रिकॉट लागला, तर माझी हरकत नाही.